‘इमॅन्सिपेशन’ : सोडविणारा कोण, सुटणारा कोण?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या शिबिरापुढे जे ठरावांचे मसुदे आहेत, त्यांत ऊसतोडणी कामगारांविषयीचा एक ठराव आहे. त्याच्या इंग्रजी प्रतीत ‘इमॅन्सिपेशन’ हा शब्द तीन ठिकाणी आला आहे. मराठी प्रतीत मात्र त्याच एका शब्दासाठी पहिल्या ठिकाणी ‘सुटका’, दुसऱ्या ठिकाणी ‘मुक्ती’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘उद्धार’ असे तीन वेगवेगळे शब्द आले आहेत. हा अनुवादकाचा निष्काळजीपणा आहे असे मी मानत नाही. हे तीन शब्द म्हणजे तीन वेगवेगळे राजकीय विचार आहेत, आणि त्यांपैकी आपला कोणता हे आपण अजून ठरविलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते ठरविण्यास साहाय्य व्हावे म्हणून या इंग्रजी शब्दाचा इतिहास आपल्यापुढे मांडावा, असे मला वाटले.

हा शब्द मूळचा लॅटिन, आणि तो आला रोमन कायद्यातून. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात आणि ‘कापेरे’ म्हणजे घेणे, पकडणे. या दोहोंपासून जो शब्द झाला त्याचा अर्थ हातात धरून मिळविलेली मालकी. गुलामालाही त्याच शब्दाने ओळखीत. त्या मालकीतून बाहेर काढणे म्हणजे ‘इमॅन्सिपेशन’. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रोममध्ये गुलामाला सोडण्यासाठी निराळा शब्द होता. ‘इमॅन्सिपेशन’ हा शब्द पित्याने पुत्राला आपल्या सत्तेतून मोकळे करण्यासाठी वापरला जाई. रोमन कुटुंबप्रमुखाची सत्ता त्याच्या मरणापर्यंत चाले; पुत्र चाळीस वर्षांचा झाला तरी त्याच्या नावावर स्वतःची मालमत्ता होत नसे. बारा पाट्यांच्या प्राचीन कायद्यात असे एक कलम होते की, पित्याने पुत्राला तीनदा विकले तर पुत्र पित्यापासून स्वतंत्र होतो. या कलमाचा आधार घेऊन कायदेपंडितांनी एक विधी बसविला. पित्याने पुत्राला एखाद्या मित्राला लुटुपुटीने विकायचे, मित्राने त्याला सोडायचे, असे दोनदा करायचे. तिसऱ्या विक्रीनंतर पित्याची सत्ता कायमची संपे. मुलीसाठी एकच विक्री पुरे होई.

या विधीत तीन गोष्टी दडलेल्या आहेत आणि त्या तिन्ही पुढे या शब्दाच्या पाठोपाठ जगभर गेलेल्या दिसतात. पहिली अशी की, सोडणारा हा धनी असतो. सुटणाऱ्याने काही करायचे नसते. दुसरी अशी की, सुटकेचा मार्ग खरेदी-विक्रीतून जातो. आणि तिसरी, जिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही, ती अशी की, मोकळा झालेला पुत्र घराबाहेर पडे आणि जुन्या कायद्यानुसार वारसाहक्कालाही मुकत असे. पुढे न्यायाधिकाऱ्यांनी ही व्यवस्था सौम्य केली. पण मूळ अर्थ मोठा बोलका आहे. तू आता स्वतंत्र आहेस, आणि या घरात तुझा वाटा नाही!

आधुनिक काळात या शब्दाचा प्रवास कसा झाला ते पाहू. ब्रिटनमध्ये 1829 साली ‘कॅथॉलिक इमॅन्सिपेशन’चा कायदा झाला आणि कॅथॉलिकांना पार्लमेंटात बसण्याचा अधिकार मिळाला. आयर्लंडच्या डॅनियल ओकॉनेल यांना आदल्या वर्षी ज्या गरीब जमीनधारकांनी निवडून दिले होते, त्यांच्या बळावरच हा कायदा झाला. पण त्याच वेळी दुसऱ्या एका कायद्याने आयर्लंडच्या ग्रामीण मतदारसंघांत मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यात आली, आणि त्याच गरिबांपैकी बहुतेकांची मते गेली. मुक्ती मिळाली ती वरच्यांना. तिची किंमत दिली ती खालच्यांनी.

किंमत कोणी दिली, हा प्रश्न गुलामगिरीच्या बाबतीत अधिकच उघडपणे विचारावा लागतो. ब्रिटिश पार्लमेंटने 1833 साली गुलामगिरी नष्ट करणारा कायदा केला आणि 1 ऑगस्ट 1834 पासून तो अमलात आला. सुमारे आठ लक्ष माणसे त्याने मुक्त झाली. यासाठी सरकारने दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली. कोणाला? गुलामांना एक पेनीही नाही. सगळी रक्कम मालकांना. एवढेच नव्हे, तर मुक्त झालेल्यांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे आणखी काही वर्षे बहुतांशी बिनपगारी राबायला लावले, ती पद्धत 1838 मध्ये बंद झाली. त्या नुकसानभरपाईसाठी काढलेले कर्ज ज्या सरकारी रोख्यांत पुढे सामावले गेले, त्यांची अखेरची फेड 2015 साली झाली. म्हणजे गुलामांच्या वंशजांपैकी जे ब्रिटनमध्ये राहतात, त्यांनीही करांच्या रूपाने आपल्याच पूर्वजांच्या मालकांची भरपाई चुकती केली.

हैतीची कथा याहून विदारक आहे. तेथील गुलामांनी 1791 मध्ये बंड करून स्वतःची मुक्तता स्वतः केली आणि 1804 मध्ये स्वतंत्र राष्ट्र घोषित केले. परंतु 1825 मध्ये फ्रान्सने युद्धनौका उभ्या करून त्यांच्याकडून पंधरा कोटी फ्रँकची खंडणी कबूल करून घेतली. ती पुढे नऊ कोटींवर आली, तरी तिच्यासाठी काढलेल्या कर्जांचा फास विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुटला नाही. रशियात 1861 साली झारने भूदासांना मुक्त केले. त्यांना जमीन दिली, पण तिची किंमत एकोणपन्नास वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करण्याचे ठरवून दिली. जमिनीचे चांगले तुकडे अनेक ठिकाणी जमीनदारांनी आपल्याकडेच राखले. शेवटी 1905 च्या क्रांतीने हादरलेल्या सरकारला हे हप्ते 1907 पासून रद्द करावे लागले. हप्ते झारच्या दयेने सुटले नाहीत, शेतकऱ्यांच्या उठावाने सुटले.

आपल्या देशाचा या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे. एक तर 1833 च्या त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. कंपनीच्या राज्यात 1843 साली जो कायदा झाला त्याने एवढेच केले की, गुलामावरील मालकीहक्क कोणतेही न्यायालय मानणार नाही. गुलाम बाळगणे हा गुन्हा ठरायला पुढे भारतीय दंडसंहिता यावी लागली. दुसरे असे की, मुक्त झालेले गुलाम ऊसमळ्यांवर त्याच मालकासाठी राबायला तयार होईनात, तेव्हा त्यांची जागा भरण्यासाठी भारतातून मजूर नेण्यात आले. मॉरिशसमध्ये करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी 2 नोव्हेंबर 1834 रोजी उतरली. पुढील काळात त्या एका बेटावर साडेचार लाखांच्या आसपास भारतीय नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली आमची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. मॉरिशसच्या मळेवाल्यांना गुलामांच्या सुटकेपोटी वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली होती. एका मजुराच्या मुक्तीचा मोबदला मालकाने घ्यावा आणि त्याच उसाच्या फडात दुसरा मजूर करारपत्रावर अंगठा उठवून आणावा, असा हा व्यवहार आहे. ऊस तोच, कोयता तोच; हात तेवढे बदलले.

आता अमेरिकेकडे वळू, कारण हा शब्द सर्वांत अधिक गाजला तो अब्राहम लिंकन यांच्या 1 जानेवारी 1863 च्या जाहीरनाम्यामुळे. त्या जाहीरनाम्याने बंडखोर प्रदेशांतील गुलाम मुक्त झाल्याचे घोषित केले. उत्तरेशी एकनिष्ठ राहिलेल्या सीमेवरच्या गुलामधारक राज्यांना तो लागू नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी राजधानी वॉशिंग्टनमधील गुलाम मुक्त करण्यात आले होते. तेथेही मालकांना माणशी 300 डॉलरपर्यंत भरपाई होती आणि मुक्त झालेल्याला मदत होती ती फक्त तो देश सोडून जाणार असेल तर, फार तर 100 डॉलरची! रोमन पित्याचे ते जुने वाक्य येथे पुन्हा ऐकू येते.

पण जाहीरनामा ही या गोष्टीची एक बाजू झाली. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 1935 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दुसरी बाजू मांडली. युद्ध सुरू होताच लक्षावधी गुलामांनी मळे सोडले, ते उत्तरेच्या सैन्याच्या छावण्यांकडे चालत निघाले, आणि दक्षिणेचे सारे अर्थकारण त्यांनी लुळे केले. ड्यू बॉइस यांनी याला सार्वत्रिक संप असे म्हटले. पुढे पावणेदोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले. जाहीरनाम्याची शाई वाळण्याआधी हजारो पावले चालू लागली होती. सोडविणारा कोण आणि सुटणारा कोण, हा आपला प्रश्न येथे उलटा होतो.

त्यांना जमीन मात्र मिळाली नाही. जानेवारी 1865 मध्ये जनरल शर्मन यांच्या आदेशाने किनारपट्टीवरील काही जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत द्यायचे ठरले होते. लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जुन्या मालकांना परत करविली. त्याच वर्षीच्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम घेण्याची सवलत ठेवली. दक्षिणेतील राज्यांनी भटकण्याला, बेकारीला गुन्हा ठरविले, लोकांना तुरुंगात घातले आणि कैदी म्हणून मळे-खाणींना भाड्याने दिले. जमिनीवाचून मिळालेली मुक्ती पुन्हा जुन्याच धन्याच्या दारी गेली. वाटेकरी म्हणून, कर्जदार म्हणून आणि कैदी म्हणून.

कामगार चळवळीने हा शब्द उचलला तो या सर्व अनुभवांच्या पार्श्वभूमीवर. पहिल्या आंतरराष्ट्रीय संघटनेची नियमावली 1864 साली तयार झाली. तिच्या आरंभीच मार्क्स यांनी हा सिद्धान्त घातला की, कामगारवर्गाची मुक्ती ही स्वतः कामगारवर्गानेच मिळवावयाची गोष्ट आहे. ध्यानात घ्या, रोमन शब्दाचे व्याकरणच येथे पालटले. जो कर्म होता तो कर्ता झाला. याआधी वीस वर्षे, 1844 मध्ये, यहुद्यांच्या नागरी हक्कांविषयी लिहिताना मार्क्स यांनी राजकीय मुक्ती आणि मानवी मुक्ती असा भेद केला होता. कायद्यापुढे सर्व समान झाले, ही मोठीच प्रगती. पण मतदानाच्या दिवशी समान असणारी माणसे दुसऱ्या दिवशी बाजारात आणि कारखान्यात असमानच असतात. डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटनासमितीत जो इशारा दिला, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत, तो वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोहोचतो.

आता आपल्या मराठी शब्दांकडे येऊ. ‘उद्धार’ म्हणजे वर काढणे. बुडणारा खाली, काढणारा काठावर. या शब्दात काढणाऱ्याचे पाय नेहमी कोरडे असतात. बोलीत तर आपण कोणाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो तेव्हा काय करतो, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘सुटका’ हा शब्द प्रामाणिक आहे, पण तो एका क्षणाचा शब्द आहे. दार उघडले, माणूस बाहेर आला, शब्द संपला. ‘मुक्ती’ हा मोठा शब्द. परंतु शतकानुशतके तो परलोकाशी आणि एकट्या जीवाशी बांधलेला होता. सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता असे मुक्तीचे चार प्रकार आपल्या परंपरेने सांगितले. त्यांत सावकारापासून मुक्ती हा पाचवा प्रकार नव्हता.

तो पाचवा प्रकार मराठीत आणला तो महात्मा फुल्यांनी. 1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला. पुण्यात बसून शूद्रातिशूद्रांचे दास्य आणि अमेरिकेतील दास्य यांना एका शब्दाखाली आणणे, हे केवळ भाषिक धाडस नव्हते. त्याच वर्षी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, म्हणजे ग्रंथाबरोबर संघटनाही दिली. पुढे मे 1936 मध्ये मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी जे भाषण केले, ते ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने ओळखले जाते. मुक्ती कोण देईल, असे ते नाव विचारीत नाही. वाट कोणती, असे विचारते. आणि वाट ही ज्याची त्याला चालावी लागते. बाबासाहेबांनी 1937 मध्ये कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले तेव्हा ते एकटे नव्हते. जानेवारी 1938 मध्ये कोकणचे हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून आले होते. खोती कायद्याने नष्ट व्हायला पुढे 1949 साल उजाडले.

राज्यसत्ता हा शब्द कशी वापरते त्याचेही एक उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवले. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. किती सुंदर शब्द! पण कायदा गेला तरी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, पोलिसांच्या नजरेतील संशय राहिला, आणि हाती जमीन वा व्यवसाय आला नाही. ‘विमुक्त’ हे मुक्तीचे वर्णन न राहता जातीच्या दाखल्यावरचे नाव झाले.

गोव्याचा दाखला आणखी एक भेद स्पष्ट करतो. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाला. इंग्रजीत यासाठी ‘लिबरेशन’ हा शब्द आहे. परक्या सत्तेपासून भूमीची मुक्तता. परंतु भाटकाराच्या जमिनीवर झोपडी घालून राहणारा मुंडकार त्या दिवशी भाटकारापासून मुक्त झाला नव्हता. कुळांसाठी 1964 चा आणि मुंडकारांसाठी 1975 चा कायदा यावा लागला. भूमी राज्यकर्त्यापासून सुटते आणि माणूस धन्यापासून सुटतो, या दोन गोष्टी आहेत, आणि मराठीत दोहोंनाही आपण ‘मुक्ती’च म्हणतो. म्हणूनच पहिली झाली की दुसरीही झाली, असा भ्रम होतो.

आता मूळ ठरावाकडे. वेठबिगारी नष्ट करणारा 1976 चा आपला केंद्रीय कायदा एका दृष्टीने ब्रिटनच्या 1833 च्या कायद्याहून आणि झारच्या फर्मानाहून श्रेष्ठ आहे. त्याने वेठबिगाराला तर मुक्त केलेच, पण त्याच्यावरील कर्जही नष्ट केले आणि धन्याला भरपाई दिली नाही. अग्रिम रकमेच्या बदल्यात मजुराची हवे तेथे काम करण्याची मोकळीक जाते, तेव्हा ती वेठबिगारी ठरते, असे कायदा सांगतो. 1985 च्या दुरुस्तीने कंत्राटी आणि स्थलांतरित मजुरांचाही त्यात स्पष्ट उल्लेख झाला. किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम घेणे म्हणजे सक्तीचे श्रम घेणे होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये म्हटले.

या कसोट्या ऊसतोडणीच्या फडाला लावून पाहा. पावसाळ्यातच मुकादम उचल देतो. बीडच्या गावातून जोडपे निघते ते कारखान्याच्या फडावर जाते. हंगाम संपताना हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसेल, तर ती अंगावर राहते आणि पुढल्या वर्षी त्याच मुकादमाकडे यावे लागते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. म्हणजे बाई अर्धा कोयता. उचल घेताना तिला कोणी विचारीत नाही, फेडताना मात्र तिचे श्रम धरलेले असतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये ऐरणीवर आला आणि शासनाला समिती नेमावी लागली. कामाचा एक दिवस चुकला तरी दंड बसतो, या भयाशी तो प्रश्न जोडलेला आहे. जिची मजुरी तिच्या नावावर नाही, तिची मुक्ती नवऱ्याच्या मुक्तीत आपोआप येत नाही.

अशा वेळी आपण काय करतो? कोठे मजूर डांबून ठेवल्याची वार्ता येते, आपण तहसीलदाराकडे जातो, पोलीस नेतो, माणसे सोडवून आणतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. हे काम केलेच पाहिजे. ज्याच्या दाराला कुलूप आहे त्याला तत्त्वज्ञान सांगता येत नाही. पण मुक्ततेचा दाखला हाती पडल्यावर पुढच्या पावसाळ्यात त्या घराला पैसे कोण देणार? 2016 च्या केंद्रीय पुनर्वसन योजनेत एक ते तीन लाखांची मदत आहे, परंतु तातडीची थोडी रक्कम सोडली तर उरलेली आरोपीच्या शिक्षेशी जोडलेली आहे. खटला रेंगाळतो, पाऊस पडतो, आणि मुकादम मात्र वेळेवर येतो.

म्हणून ठरावातील शब्द कोणताही ठेवा, पण त्याच्यापुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहा, असे माझे म्हणणे आहे. मुक्ती कोण करणार? तोडणी कामगारांची संघटना. आपण तिचे साथी आहोत, उद्धारक नाही. कोयता बंद ठेवून ज्यांनी दरवाढ मिळविली, त्यांना कर्तेपण आपण द्यावे लागत नाही. तिची किंमत कोण देणार? बेकायदा उचल रद्द झालीच पाहिजे, आणि हंगामापूर्वीच्या निर्वाहाचा भार ज्या कारखान्यांची चाके या श्रमावर फिरतात, त्यांच्यावर आणि शासनावर पडला पाहिजे. कामगाराने आपल्या सुटकेचे हप्ते भरता कामा नयेत. आणि मुक्तीनंतर हाती काय राहणार? गावात रोजगार हमीचे काम, दोघांच्या वेगवेगळ्या नावांवर मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, मुलांसाठी वसतिगृह. या मागण्या ज्या ठरावात नाहीत, तो ठराव रोमन पित्याने केलेल्या त्या तिसऱ्या विक्रीसारखा आहे.

‘उद्धार’ हा शब्द मात्र मसुद्यातून काढून टाकावा, अशी माझी उपसूचना आहे. तिच्या बाजूने मत देताना, येथे बसलेल्या तोडणी कामगार भगिनींनी आणि बंधूंनी आधी हात वर करावेत. हाताने धरून मिळविलेल्या मालकीवरून जो शब्द जन्माला आला, त्याचा अर्थ त्यांच्याच हातांनी बदलणार आहे.